अरबांवरील एकतर्फी निकाल

अरब लोकांस लोकशाही मानवत नाहीं, असें एक मत आमच्या सुशिक्षित समाजांत फार दिवस रूढ आहे. कॉलेजच्या वादविवाद-सभेंत तें ऐकूं येतें, वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतें, आणि चहाच्या टेबलाशीं तर तें इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्यास आधार काय असें विचारणें देखील असभ्यपणाचें वाटावें. कैरोमध्यें एखाद्या सेनापतीनें निवडून आलेल्या अध्यक्षास पदच्युत केलें, किंवा ट्यूनिसमध्यें एखाद्या अध्यक्षानें पार्लमेंटला कुलूप लावलें, कीं लगेच ‘त्यांचें असेंच चालावयाचें’ असा शेरा मारून आम्ही वर्तमानपत्राचें पान उलटतों. ज्या मतानें कोट्यवधि माणसांचें राजकीय भवितव्य एका वाक्यांत निकालांत निघतें, तें मत कोणीं मांडलें, कोणत्या पुराव्यावर मांडलें, आणि तो पुरावा कितपत टिकतो, हें तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या मताचे सर्वांत विद्वान वकील म्हणजे प्रोफेसर एली केडूरी. त्यांचा ‘डेमॉक्रसी अँड अरब पोलिटिकल कल्चर’ हा छोटेखानी ग्रंथ १९९२ सालीं ‘वॉशिंग्टन इन्स्टिट्यूट फॉर निअर ईस्ट पॉलिसी’ या अमेरिकेंतील धोरणविषयक संस्थेनें प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ग्रंथकार निवर्तले. अरबांविषयीं जें इतरत्र विस्कळितपणें व पुष्कळदां अडाणीपणानें बोललें जातें, तें या ग्रंथांत शास्त्रीय शिस्तीनें मांडलेलें आहे. म्हणूनच प्रतिपक्षी म्हणून आम्हीं त्याची निवड केली. दुबळ्या प्रतिपक्ष्यास चीत करण्यांत पुरुषार्थ नसतो.

केडूरी हे ऐकीव माहितीवर लिहिणारे लेखक नव्हते. त्यांचा जन्म १९२६ सालीं बगदादच्या यहुदी समाजांत झाला. जून १९४१ मध्यें त्या शहरांतील यहुदी वस्तीवर जमाव तुटून पडला, लुटालूट व कत्तल झाली, तेव्हां ते अवघे पंधरा वर्षांचे होते. पुढें १९५०-५१ मध्यें बगदादचा तो पुरातन समाज जवळजवळ सगळाच्या सगळा देशोधडीस लागला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें अध्यापन करीत असतां, इंग्रज मुत्सद्द्यांनीं मध्यपूर्वेंत केलेल्या चुका व सोंगें त्यांनीं ज्या निर्भीडपणें उघडकीस आणलीं, तो निर्भीडपणा विद्वानांत दुर्मिळ असतो. ज्या राज्यानें आपल्या शेजाऱ्यांचें व आप्तांचें रक्षण केलें नाहीं, त्या राज्याच्या घटनेविषयीं व पार्लमेंटाविषयीं त्यांच्या मनांत आदर उरूं नये, हें आम्ही समजूं शकतों. परंतु दुःख हें साक्षीदारास विश्वसनीय करीत असलें, तरी न्यायाधीशाच्या आसनावर त्याचा उपयोग नाहीं. आणि १९९२ च्या ग्रंथांत केडूरी साक्षीदार म्हणून नव्हे, तर न्यायाधीश म्हणून बसलेले आहेत.

त्यांचा युक्तिवाद दोन अंगांचा आहे. पहिलें अंग असें : ठराविक सीमांच्या आंत सार्वभौम असलेलें राज्य, जनतेचें प्रभुत्व, प्रतिनिधित्व, निवडणूक, मनुष्यांनीं केलेला कायदा, या साऱ्या कल्पना इस्लामी राजकीय परंपरेस अपरिचित आहेत, शतकानुशतकें खलिफा व सुलतान यांच्या आज्ञेंत वाढलेल्या मनास त्या समजावयाच्याहि नाहींत. दुसरें अंग असें : तरीहि एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इजिप्त, इराक, सीरिया, लेबानॉन या देशांत घटनात्मक राज्यपद्धतीचा प्रयोग करून पाहण्यांत आला, आणि तो सर्वत्र फसला. पहिल्या अंगांत कारण सांगितलें आहे, दुसऱ्यांत पुरावा दिला आहे. पुराव्यावांचून कारण हें नुसतें मत ठरतें, म्हणून आम्ही आधीं पुराव्याकडे वळतों.

‘प्रयोग झाला आणि फसला’ या शब्दांत फार मोठी गोष्ट गृहीत धरलेली आहे. प्रयोग फसला असें म्हणण्यास तो पुरा होऊं दिला पाहिजे. रसायनशाळेंत कोणी नळी हिसकावून जमिनीवर आपटली, तर द्रव्याचे गुणधर्म सिद्ध झाले असें कोणताहि शास्त्रज्ञ म्हणणार नाहीं. अरब देशांतील नळ्या कोणीं व केव्हां फोडल्या, याचा इतिहास तारीखवार उपलब्ध आहे.

इजिप्तचेंच पाहूं. १८८२ च्या आरंभीं तेथील प्रतिनिधि-सभेनें आपल्या देशाच्या अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क मागितला. पार्लमेंटरी राज्यपद्धतीचा याहून मूलभूत हक्क कोणता? इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें आपल्या राजांशीं याच हक्कासाठीं झुंज दिली. पण इजिप्तच्या तिजोरीवर युरोपियन सावकारांचें कर्ज होतें, व त्या कर्जावर देखरेख करणाऱ्या इंग्रज-फ्रेंच नियंत्रकांस ही मागणी मान्य होणें शक्य नव्हतें. त्याच वर्षीं ११ जुलै रोजीं इंग्रजी आरमारानें अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, आणि सप्टेंबरांत तेल-एल-केबीरच्या रणांत अरबी पाशाचा पराभव होऊन देश इंग्रजांच्या ताब्यांत गेला. त्या रणांत हिंदी पलटणीहि इंग्रजांच्या बाजूनें लढल्या, हें आम्हीं विसरतां कामा नये.

पुढें १९१९ चा उठाव झाला आणि १९२३ सालीं घटना आली. जानेवारी १९२४ च्या निवडणुकींत साद झगलूल यांच्या वफ्द पक्षानें प्रचंड बहुमत मिळविलें. नोव्हेंबरांत, सर ली स्टॅक यांच्या खुनानंतर इंग्रजांनीं दिलेल्या निर्वाणीच्या खलित्यापुढें, त्यांस अधिकार सोडावा लागला. मार्च १९२५ मध्यें नवें पार्लमेंट भरलें. त्यानें झगलूल यांस सभापति निवडलें. आणि राजानें त्याच दिवशीं तें पार्लमेंट बरखास्त केलें. १९३० मध्यें घटनाच बदलण्यांत आली, ती १९३५ मध्यें पुनः आणावी लागली. ४ फेब्रुवारी १९४२ रोजीं तर इंग्रजांनीं राजवाड्यास रणगाड्यांचा वेढा घालून आपणांस हवा तो प्रधान राजाकडून नेमवून घेतला. या तीस वर्षांत मतदान जेव्हां जेव्हां बऱ्यापैकीं मोकळें झालें, तेव्हां तेव्हां मतदारांनीं वफ्दलाच निवडलें. आणि तरीहि वफ्दच्या हातीं अधिकार एकूण आठ वर्षें देखील राहिला नाहीं. येथें अपयश कोणाचें? मतदाराचें खासच नव्हे. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आमच्या परिचयाची आहे. पण येथें तर अंगणच दर दोन वर्षांनीं खणून टाकण्यांत येत होतें.

सीरियाची हकीकत याहून थोडक्यांत सांगतां येते, कारण तिला वेळच मिळाला नाहीं. मार्च १९२० मध्यें दमास्कस येथील सीरियन काँग्रेसनें स्वातंत्र्य जाहीर करून घटना तयार करावयास घेतली. २४ जुलै रोजीं मैसलूनच्या खिंडींत फ्रेंच सैन्यानें त्या राज्याचा शेवट केला. १९२८ मध्यें फ्रेंचांच्याच परवानगीनें घटना-समिति निवडली गेली. तिनें केलेल्या मसुद्यांतील सहा कलमें हायकमिशनरास खपलीं नाहींत, तेव्हां ती समिति मोडून १९३० मध्यें त्यानें स्वतःच घटना जारी केली, आणि फ्रान्सचा अधिकार अबाधित राखणारें एक कलम तिला जोडलें. मे १९४५ मध्यें फ्रेंच तोफांनीं दमास्कसच्या पार्लमेंटाच्या इमारतीवरच मारा केला. लोकप्रतिनिधींच्या सभेवर तोफा डागणाऱ्यांची संस्कृति कोणती, असा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

इराकांत १९२१ सालीं फैसल यांच्या बाजूनें शेंकडा ९६ मतें पडल्याचें इंग्रजांनीं जाहीर केलें. त्यापूर्वीं कांहीं महिने, दुसरा दावेदार सय्यद तालिब हा इंग्रज रेसिडेन्सीमध्यें चहास गेला असतां, परततांना त्यास अटक करून सिलोनला पाठविण्यांत आलें होतें. येथें आम्हांस केडूरी यांच्याविरुद्ध केडूरी यांचीच साक्ष काढावी लागते. १९७० सालच्या ‘द चॅटम हाउस व्हर्शन’ या त्यांच्या निबंधसंग्रहांत इराकच्या राज्याची कुंडली त्यांनींच मांडली आहे. तें राज्य इंग्रजांनीं कसें वरून लादलें व त्यांतून केवढा रक्तपात उद्भवला, याचें चित्र त्यांच्याहून कठोरपणें कोणीं रेखाटलें नसेल. मग १९७० मध्यें जें खातें लंडनच्या नांवें होतें, तें १९९२ मध्यें अरब संस्कृतीच्या नांवें कसें चढलें? याचें समाधानकारक उत्तर आम्हांस त्या ग्रंथांत आढळलें नाहीं.

आमच्यावर येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळें खापर परकीयांच्या माथीं फोडणें हें दुबळ्यांचें जुनें व्यसन आहे, असें कोणी म्हणेल. खरें आहे. १९३६ मध्यें बगदादला लष्करी बंड करणारा बकर सिद्की इराकी सैन्याचाच सेनानी होता. १९४९ च्या एका वर्षांत सीरियांत तीन बंडें झालीं, तीं सीरियन अधिकाऱ्यांनींच केलीं. १९५३ मध्यें इजिप्तचे राजकीय पक्ष मोडणारे अधिकारीहि इजिप्शियनच होते. वफ्द पक्षांतील भ्रष्टाचार त्याच्याच एका पुढाऱ्यानें चव्हाट्यावर मांडला. यांतील एकाहि गोष्टीवर आम्ही पांघरूण घालूं इच्छीत नाहीं. पण यांतून काय सिद्ध होतें? बंदूक हातीं असलेला माणूस, आवरणारें कोणी नसल्यास, राज्य बळकावतो, एवढेंच. १९६७ पासून १९७४ पर्यंत ग्रीसवर कर्नलांची हुकमत होती. लोकशाही हा शब्द ज्या भाषेंत जन्मला, ती भाषा बोलणारे लोक लोकशाहीस नालायक आहेत, असा ग्रंथ त्यावर कोणीं लिहिला नाहीं. जर्मनींत १९३३ सालीं काय झालें हें सर्वश्रुत आहे. स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण अमेरिका यांविषयीं मात्र एके काळीं असें म्हणत कीं, कॅथॉलिक पंथाच्या आज्ञाधारक मनास लोकशाही रुचणार नाहीं. १९७४ नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत तो सिद्धान्त कोठल्या कोठें विरून गेला. आणि तेवढ्या काळांत पोपचा धर्म कांहीं बदलला नव्हता.

आतां पहिल्या अंगाकडे येऊं. दोष इस्लामी परंपरेचा असेल, तर तो सर्व मुसलमान राष्ट्रांत दिसावयास हवा. जगांत सर्वांत अधिक मुसलमान ज्या देशांत राहतात, त्या इंडोनेशियांत २००४ पासून राष्ट्राध्यक्षाची निवडणूक थेट जनता करीत आली आहे. आल्फ्रेड स्टेपन व ग्रेम रॉबर्टसन या दोन विद्वानांनीं २००३ मध्यें हाच प्रश्न राष्ट्राराष्ट्रांची तुलना करून तपासला, आणि निवडणुकीच्या बाबतींत जी तूट दिसते ती मुसलमान राष्ट्रांची नसून मुख्यतः अरब राष्ट्रांची आहे, असा निष्कर्ष काढला. धर्म एकच आणि फळें निराळीं, असें असेल तर कारण धर्माहून अन्यत्र शोधलें पाहिजे. तें शोधणाऱ्यांनीं तेलाच्या उत्पन्नाकडे बोट दाखविलें आहे. प्रजेकडून कर न घेतां चालणाऱ्या राज्यास प्रजेला हिशेब देण्याची गरज भासत नाहीं. त्यांनीं अवाढव्य पोलिसी यंत्रणेकडे व तिला बाहेरून मिळणाऱ्या पैशाकडेहि बोट दाखविलें आहे. हीं कारणें मनुष्यकृत असल्यामुळें बदलतां येतात. ‘संस्कृति’ हें कारण पुढें केलें कीं, बदलण्यासारखें कांहीं उरतच नाहीं.

त्या परंपरेस प्रतिनिधित्वाची कल्पना समजतच नाहीं, हें तरी कितपत खरें? ट्यूनिसच्या बेनें १८६१ मध्यें घटना जारी केली होती. १९२० च्या सीरियन काँग्रेसचे अध्यक्ष रशीद रिदा हे धर्मशास्त्राचे पंडित होते. आणि त्या काँग्रेसच्या घटनेनें राजा मुसलमान असावा एवढीच अट घालून, इस्लाम हा राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला नव्हता. २०११ मध्यें ट्यूनिसपासून कैरोपर्यंत लक्षावधि लोक रस्त्यांत उतरले, तेव्हां त्यांची मुख्य घोषणा अशी होती कीं, ही राजवट कोसळावी अशी जनतेची इच्छा आहे. जनतेच्या इच्छेस राजवटीच्या वर बसविणें, याचेंच नांव लोकप्रभुत्व. जी कल्पना त्या मनास कळावयाचीहि नाहीं असें केडूरी सांगतात, ती चौकांत उभा असलेला न्हावी व फळविक्या ओरडून सांगत होता.

त्यानंतर जें झालें तें आमच्या बाजूनें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. इजिप्तमध्यें जून २०१२ मध्यें मुहंमद मोर्सी शेंकडा ५१.७ मतांनीं निवडून आले. नोव्हेंबरांत त्यांनीं आपले हुकूम न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा हट्ट धरून लोकांचा विश्वास गमावला. आणि जुलै २०१३ मध्यें सैन्यानें त्यांस दूर केलें. पुढच्या महिन्यांत कैरोच्या रस्त्यांत शेंकडों माणसें मारलीं गेलीं. अमेरिकेनें त्या घटनेस लष्करी बंड म्हणण्याचें टाळलें, आणि दरसाल सव्वा अब्ज डॉलरांहून अधिक असलेली लष्करी मदत कांहीं काळ अंशतः थांबवून २०१५ मध्यें पुनः मोकळी केली. अल्जीरियांत डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरींत इस्लामी आघाडीनें २३१ पैकीं १८८ जागा जिंकल्या, तेव्हां सैन्यानें जानेवारी १९९२ मध्यें निवडणूकच रद्द केली. हें केडूरी यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं घडलें. इस्लामी पक्षांविषयीं आम्हांस प्रेम नाहीं. पण मतदारानें नावडता पक्ष निवडला म्हणून मतपेटी फेकून देणें, आणि मग त्या लोकांस मतपेटीची पात्रता नाहीं म्हणणें, हा न्याय नव्हे.

ट्यूनिसियाची गोष्ट अधिक कठीण आहे. तेथें २१ व्या शतकांत कोणतेंहि परकीय सैन्य आलें नाहीं. २०१४ मध्यें त्या लोकांनीं वादविवाद करून घटना केली. २०१५ मध्यें तेथील चार नागरी संघटनांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि जुलै २०२१ मध्यें निवडून आलेल्या अध्यक्षानेंच पार्लमेंट बंद पाडलें, तेव्हां महागाई व पक्षांची भांडणें यांस कंटाळलेल्या पुष्कळ लोकांनीं आनंद व्यक्त केला. ही चूक ट्यूनिसियनांची आहे, ती त्यांच्या पदरीं घालावयास आम्ही कचरत नाहीं. परंतु २०१४ ची घटना करणारे आणि २०२१ मध्यें टाळ्या वाजविणारे लोक एकाच संस्कृतींत वाढलेले होते. जी गोष्ट दोन्ही वेळीं सारखीच हजर होती, ती दोहोंतील फरकाचें कारण कशी ठरेल?

हा प्रश्न आम्हां हिंदी लोकांस दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. इजिप्तवर १८८३ पासून १९०७ पर्यंत कॉन्सल-जनरल या साध्या पदवीखालीं राज्य करणारे लॉर्ड क्रोमर, त्यापूर्वीं कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे फडणीस होते. ‘मॉडर्न इजिप्त’ या १९०८ च्या ग्रंथांत त्यांनीं इजिप्शियनांस स्वराज्य कां देऊं नये याचा ऊहापोह केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लॉर्ड मोर्ले यांनीं लॉर्डांच्या सभेंत सांगितलें कीं, आपल्या सुधारणांतून हिंदुस्थानांत पार्लमेंटरी राज्यपद्धति उत्पन्न होणार असेल, तर आपणांस त्यांच्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं. अरबांविषयींचा निकाल आणि आमच्याविषयींचा निकाल हे एकाच कचेरींतून, एकाच शाईनें लिहिले गेले आहेत.

कोणी म्हणेल, आमच्याविषयींचा निकाल खोटा ठरला, त्यांच्याविषयींचा खरा ठरला. फरक यांतच आहे. पण आमच्याविषयींचा निकाल खोटा ठरविण्यास आम्हांस अवधि मिळाला, हें येथें विसरलें जातें. १९५१-५२ च्या निवडणुकींत सतरा कोटींहून अधिक मतदार होते, आणि साक्षरतेचें प्रमाण शेंकडा अठराच्या आसपास होतें. तरी कोणा परकीयानें त्या मतपेट्या उचलून नेल्या नाहींत. जून १९७५ मध्यें येथें आणीबाणी पुकारली गेली, विरोधी पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडास कुलूप लागलें. १९७६ मध्यें एखाद्या परदेशी पंडितानें ‘हिंदुस्थानांत लोकशाहीचा प्रयोग झाला आणि फसला, जातिभेदांत वाढलेल्या मनास ती समजतच नव्हती’ असा ग्रंथ लिहिला असता, तर त्याचें पान न् पान पुराव्यानें भरलेलें दिसलें असतें. १९७७ च्या मार्चांत मतदारानें तो ग्रंथ रद्दींत घातला असता. ती संधि मिळाली म्हणून आम्ही आज इतरांस नांवें ठेवण्यास मोकळे आहों.

या वादांत खरोखर पणास काय लागलें आहे, तें स्पष्ट सांगतों. केडूरी यांचा ग्रंथ धोरण आंखणाऱ्यांसाठीं काढलेला आहे, आणि धोरण आंखणारा माणूस त्यांतून एकच अर्थ घेतो : अरबांस लोकशाही शक्य नसेल, तर सुलतानास शस्त्रें देणें व त्याच्या तुरुंगाकडे काणाडोळा करणें हेंच शहाणपण. मग त्या शस्त्रांच्या जोरावर पुढली निवडणूक मोडली जाते, आणि मोडलेली निवडणूक पुढल्या ग्रंथांत पुरावा म्हणून दाखल होते. या चक्रांत भरडला जातो तो कैरोच्या तुरुंगांतला वार्ताहर, ट्यूनिसचा वृद्ध सभापति, बगदादचा विद्यार्थी. आणि केडूरी यांच्या बालपणीं बगदादच्या यहुद्यांवर जी आपत्ति आली, तिचें निवारण तरी कशानें झालें असतें? प्रजेस जबाबदार असणारें सरकार आणि अल्पसंख्याकांस अभय देणारा कायदा, यांनींच. त्यांच्या दुःखाचा उपाय जेथें होता, त्याच वाटेवर त्यांनीं अरबांसाठीं ‘बंद’ अशी पाटी लावून ठेवली, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

आमच्या वाचकांकडे आमचें मागणें मोठें नाहीं. अरब राजवटींची स्तुति करावी असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचे अत्याचार उघड आहेत, आणि मे २०२४ मध्यें कुवेतच्या अमीरानें तेथील पार्लमेंट चार वर्षांपर्यंत तहकूब केलें, तें निंद्यच आहे. परंतु पुढल्या वेळीं चहाच्या टेबलाशीं ‘त्यांचें असेंच चालावयाचें’ हें वाक्य ओठांवर येईल, तेव्हां तें पार्लमेंट कोणीं बंद केलें, कोणाच्या पैशानें केलें, आणि तेथील मतदारास कोणीं विचारलें होतें काय, एवढे तीन प्रश्न आधीं विचारावेत. आमच्या वडिलांविषयीं लंडनमध्यें हे प्रश्न कोणीं विचारावे, अशी आमची अपेक्षा होती. तीच रीत आम्हीं अरबांशीं पाळावी.